शिक्षण उपकराच्या अर्जावर माझी सही नाही

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी,
आपली सोसायटी, कारेलीबाग, बडोदा

विषय : वेराबिलातला (घरपट्टीच्या बिलातला) शिक्षण उपकर कमी करावा म्हणून सोसायटीच्या लेटरहेडवर पाठवायच्या अर्जाबाबत

स. न. वि. वि.

नाना, गुरुवारी वॉचमन सह्यांचा कागद घेऊन आला तेव्हा मी कुकर लावत होते. त्याला म्हटलं ठेव, वाचून सही करते. वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला, आणि सही केली नाही. कोरा परत पाठवला असता तर "वहिनी विसरल्या असतील" म्हणून तुम्ही पुन्हा पाठवला असता, म्हणून हे पत्र. मिटिंगच्या वहीत ते चिकटवावं, एवढी पहिली विनंती.

अर्जात तीन गोष्टी आहेत. आपल्या चौसष्ट घरांतलं एकही मूल म्युनिसिपल शाळेत जात नाही, तेव्हा शिक्षण उपकराचा बोजा आपल्यावर नको. पट घसरलेल्या शाळा एकमेकींत मिळवून टाकाव्यात. आणि त्यातून जे वाचेल ते वेऱ्यात कमी करून द्यावं. मसुदा झकास उतरलाय, अक्षर तर काय, मोत्यासारखं. हे वळण कुठल्या शाळेत घोटलेलं आहे ते मला माहीत आहे नाना, मी तुमच्या दोन इयत्ता मागे होते. असो.

सहा वर्षं सोसायटीची खजिनदार होते, त्यामुळे आधी आकडा बघायची खोड जात नाही. माझं वेराबिल काढलं. शिक्षण उपकराच्या ओळीत ३७२ रुपये आहेत. वर्षाचे. महिन्याला ३१ झाले. सगळ्या घरांचा साधारण एवढाच धरला तर चौसष्ट घरांचे मिळून २३,८०८. गेल्या नवरात्रात आपण घरटी १,५०० रुपये वर्गणी घेतली आणि त्यातले निम्मे साउंडवाल्याला दिले. माझ्या गुडघ्यांमुळे मला गरबा बघायलासुद्धा खुर्ची मागावी लागते, तरी मी दिले, आनंदानं दिले. तेव्हा "बोजा" हा शब्द जरा जपून वापरायला हवा होता.

शिवाय पत्ताच चुकलाय. हा उपकर म्युनिसिपल कमिशनरसाहेबांनी बसवलेला नाही. १९६२ चा गुजरात राज्याचा शिक्षण उपकर कायदा आहे, खेड्यात जमीन महसुलावर आणि शहरात घरा-इमारतींवर. महानगरपालिका तो आपल्या बिलातून वसूल करते इतकंच. अर्ज पोचला तरी तिथला कारकून वाचून बाजूला ठेवील, आणि आपल्या सोसायटीला कायदा माहीत नाही हे मात्र फाइलला लागेल.

आता मुद्द्याचं. "आपली मुलं तिथे जात नाहीत" हे वाक्य वाचलं आणि मला दोन वर्षांपूर्वीची वार्षिक सभा आठवली. लिफ्ट बदलायची होती, पुढचा वार्षिक मेंटेनन्सचा करारही महाग होता. आम्ही तळमजल्यावरच्या लोकांनी हात वर केले, की आम्ही लिफ्टनं जातो कुठे? वर्षातून दोनदा गच्चीवर पापड घालायला. तेव्हा तुम्ही उभे राहिलात. तुमचे शब्द मला पाठ आहेत, कारण त्यांच्यामुळेच मी हरले : "कोण किती वेळा चढतो हा प्रश्नच नाही. लिफ्ट बिल्डिंगची आहे. चौथ्या मजल्यावरच्या आजींना डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर ती काय एकट्या चौथ्या मजल्याची अडचण?" टाळ्या पडल्या. ४१ विरुद्ध ९ मतांनी ठराव मंजूर झाला, नवातली एक मी. त्या दिवसापासून दरमहा १८० रुपये लिफ्टचे देते. वर्षाचे २,१६०. एकदाही उशीर केलेला नाही, हिशेबाच्या वहीत बघा.

सुरुवातीला राग होता. मग हळूहळू पटलं, खोटं कशाला बोलू. आणि ज्या माणसानं मला हे पटवलं, तोच आता शाळेच्या बाबतीत तळमजल्यासारखं बोलतोय! महिन्याला १८० रुपयांची लिफ्ट सगळ्यांची, आणि ३१ रुपयांची शाळा मात्र फक्त तिथे जाणाऱ्यांची, हे कसं काय जमवायचं ते मला सांगा.

मिटिंगमध्ये तुम्ही कॅलिफोर्नियाचा दाखला दिलात. तिथे लोकांनी मतदान करून घरपट्टीला लगाम घातला, आपणही घालू. दाखला खरा आहे, अर्धा. मला त्या लोकांचा राग नाही. सत्तरच्या दशकात तिथे घरांच्या किमती भराभर चढल्या, किमतीवर कर, म्हणून करही चढला, आणि पेन्शनीत निघालेल्या माणसाला स्वतःच्याच घरात राहणं परवडेना. मी पेन्शनवर जगते, मला त्यांची धास्ती कळते. जून १९७८ मध्ये प्रस्ताव क्रमांक १३ मतदानाला आला आणि जवळजवळ ६५ टक्के मतांनी निवडून आला. कर घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्याच्या वर नाही. ती नोंदलेली किंमतही मागे नेऊन पूर्वीच्या पातळीवर आणली आणि पुढे घर विकलं जाईपर्यंत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही.

उरलेला अर्धा दाखला असा. तिथल्या शाळा मुख्यतः याच घरपट्टीवर चालत. एका फटक्यात घरपट्टीचं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं. त्याच उन्हाळ्यात कितीतरी गावांनी सुट्टीतले वर्ग रद्द केले. राज्याच्या तिजोरीत तेव्हा शिल्लक होती म्हणून सरकारनं हात दिला, पण मग शाळेच्या पैशाचा निर्णय गावातून उठून राजधानी सॅक्रामेंटोला गेला. राज्याचा हात आखडला की शाळेचाही आखडायचा. शेवटी १९८८ मध्ये त्याच मतदारांना आणखी एक प्रस्ताव मंजूर करावा लागला, की काही झालं तरी राज्याच्या पैशातला अमुक इतका किमान वाटा शाळांना मिळालाच पाहिजे. आधी हातानं सोडलेलं, दहा वर्षांनी दातानं सोडवायचं. आणि जी छत्री म्हाताऱ्यांसाठी उघडली होती, तिच्याखाली मोठमोठ्या कंपन्यांच्या जमिनी आणि ऑफिसंही येऊन उभी राहिली, कारण कायद्यानं घर आणि धंदा असा भेद केलाच नव्हता. २०२० मध्ये निदान धंद्याच्या जागांची छत्री काढून घ्यावी म्हणून मतदान झालं, तेही थोडक्यात पडलं.

हे सगळं मला कुठून कळलं म्हणाल, तर निम्मं तुमच्याच घरातून. गणपतीत तुमची कॅलिफोर्नियातली सून आली होती तेव्हा पुरणपोळ्या लाटता लाटता सांगत होती, की नातवाच्या सरकारी शाळेला ती दरवर्षी देणगीचा चेक देते, कारण संगीताचे मास्तर त्या देणग्यांवर आहेत. पालकांकडे पैसे आहेत त्या वस्तीत पेटी वाजते, नाहीत तिथे वाजत नाही. तिच्या शेजारची बाई चाळीस वर्षं त्याच घरात आहे, ती हिच्या कराच्या पाव हिश्शाइतकाही भरत नाही. घर तेच, कुंपण सामाईक. तुम्ही तेव्हा खुर्चीत पेपर वाचत होता. ऐकलं नसेल.

मी हा कागद परत पाठवण्याचं खरं कारण मात्र कॅलिफोर्निया नाही.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री शहरात शिरली, तेव्हा माझ्या घरात पाणी पलंगाच्या फळीला लागलं होतं. मी तीन रात्री तिसऱ्या मजल्यावर काढल्या, जिने चढून, कारण वीज नव्हती आणि लिफ्ट बंद. (त्या महिन्याचेही १८० भरलेत.) गेटजवळची वॉचमनची खोली तर अख्खी बुडाली. तो, बायको आणि दोन मुलं मागच्या म्युनिसिपल शाळेत गेली. पाणी उतरल्यावर मी त्यांना कोरडे कपडे आणि भाकरी घेऊन गेले.

आपण त्या शाळेत मतदानालाच जातो. मतदानाच्या दिवशी दोरी बांधलेली असते, बोटाला शाई लावून परत फिरतो, वर्ग असा बघत नाही. त्या दिवशी बघितला. भिंतीवर गुजराती पाढे रंगवलेले, सत्ताविसापर्यंत. खालच्या तीन ओळी चिखलानं गेलेल्या. एका खिडकीला काचेऐवजी प्लायवुड. नळाची तोटी तुटलेली, तिला चिंधी गुंडाळून वर रबर लावलेलं. दुपारच्या जेवणाच्या थाळ्यांत खिचडी वाढत होते आणि ज्या बाई वाढत होत्या त्या तिथल्याच शिक्षिका होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं, हे मला मागाहून कळलं. फळ्यावर सातम-आठमच्या, म्हणजे जन्माष्टमीच्या, सुट्टीआधीची तारीख तशीच होती. वॉचमनची मोठी मुलगी, तेव्हा तिसरीत होती, मला हाताला धरून एका बाकाशी घेऊन गेली. त्यावर तिचा धाकटा भाऊ झोपला होता. "आ मारी जग्या छे," म्हणाली. घर दाखवावं तशी.

नाना, आपल्या आवारात चौसष्ट नाही, पासष्ट घरं आहेत. तुमची मोजणी फ्लॅटपाशी थांबली. पासष्टाव्या घरातली दोन मुलं त्याच शाळेत जातात, ज्या शाळेचा पट कमी म्हणून ती दुसरीकडे मिळवून टाकावी असं आपल्या अर्जात लिहिलं आहे. मिळवली तर पुढची शाळा मोठा रस्ता ओलांडून आहे, आणि त्यांची आई सकाळी सातला आपल्याच बिल्डिंगमध्ये चार घरची भांडी घासत असते. पोरांना रस्ता कोण ओलांडून देणार? आणि हा कागद दारोदार घेऊन कोण फिरला? त्यांचा बाप. मराठी त्याला वाचता येत नाही. मला विचारत होता, "बा, पाणीनी अरजी छे?" मी नुसती मान हलवली. काय सांगणार होते?

तुम्ही म्हणाल, आरटीईत गरिबांची मुलं आता खासगी शाळांत जातात. जातात, खासगी शाळांच्या पंचवीस टक्के जागा. उरलेल्यांनी कुठे बसायचं? तुम्ही हेही म्हणाल, की शाळा चांगली नाही म्हणूनच पट घसरला. हे मात्र मला मान्य आहे. प्लायवुडची खिडकी मी डोळ्यांनी पाहिली. पण लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकायला लागली तेव्हा आपण लिफ्टवाल्याला धारेवर धरलं. लिफ्ट काढून टाकून घरटी १८० रुपये वाचवू, असं कोणी म्हणालं नाही.

बडोद्याचा माणूस शाळेवर लिहायला बसला की सयाजीराव महाराज येणारच, त्याला माझा इलाज नाही. १८९३ मध्ये अमरेलीत करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनासुद्धा. मूल न पाठवणाऱ्या बापाला दंड होता. पुतळ्यापुढे आपण हे दरवर्षी ऐकतो. पुढचं कमी ऐकतो. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हेच ब्रिटिश हिंदुस्थानात व्हावं म्हणून कलकत्त्याच्या कायदेमंडळात विधेयक आणलं आणि बडोद्याकडे बोट दाखवलं. खर्चातले दोन हिस्से सरकारनं द्यावेत, एक हिस्सा स्थानिक संस्थेनं, आणि त्यासाठी तिला शिक्षणाचा कर बसवायची मुभा असावी. म्हणजे आपल्या बिलातली तीच ओळ. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. आपलं ४१ विरुद्ध ९ त्या मानानं बरं.

वेऱ्यात पैसे वाचवायचेच असतील तर सरळ रस्ता आहे. आगाऊ भरला तर महानगरपालिका दरवर्षी सूट देते. गेल्या वर्षी आपल्या एकोणीस घरांनी ती घालवली आणि वर व्याज भरलं. त्यात कार्यकारिणीतली तीन घरं आहेत, नावं लिहीत नाही. नोटीसबोर्डावर एप्रिलमध्ये एक चिठ्ठी लावा, माझ्या हिशेबानं त्या एकोणीस घरांना उपकराहून जास्त मिळेल. आणि पेन्शनवरच्या, विधवा बायकांच्या घरांना वेरा जड जात असेल तर त्यांच्यासाठी सवलतीचा अर्ज लिहा, त्यावर मी पहिली सही करते.

तेव्हा मागणं एवढंच. हा अर्ज सोसायटीच्या नावानं, लेटरहेडवर जाऊ नये. ज्यांना पाठवायचा त्यांनी स्वतःच्या नावानं खुशाल पाठवावा. जाणारच असेल, तर आधी सर्वसाधारण सभेत ठेवा, आणि त्या सभेला वॉचमनलाही बोलवा. मत नाही त्याला, पण खुर्ची तर देता येईल. त्याऐवजी आपल्या वॉर्डच्या नगरसेवकांना पत्र लिहायचं ठरलं, की आमच्या उपकरातून मागच्या शाळेला काय मिळालं, ती खिडकी आणि ती तोटी कधी बसेल, तर मसुदा मी करते. अक्षर तुमचंच घाला.

सह्यांचा कागद सोबत परत करत आहे. या महिन्याचा लिफ्टचा १८० रुपयांचा चेकही जोडला आहे, पावती वॉचमनकडे द्यावी.

कळावे,
ए-२, तळमजला