वैद्यबाई म्हणाल्या टेन्शन नको, टेप म्हणाली 91

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या आरोग्य पुरवणीतल्या 'तुमची कोरियन प्रकृती कोणती' लेखाचा फोटो भावानं व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली लिहिलेलं 'तू तिथंच आहेस ना, सांग आता'. म्हणून सांगतो. मी सांगलीचा, सहा वर्षं झाली नोकरीसाठी कोरियात देजॉनला आहे.

लेखात कोरियन वैद्यकातले माणसांच्या प्रकृतीचे चार प्रकार बरोबर दिलेत. तेयांगिन, सोयांगिन, तेउमिन, सोउमिन. ही सासांग पद्धत काही हजारो वर्षं जुनी वगैरे नाही बरं का, ई जे-मा नावाच्या माणसानं 1894 मध्ये लिहून काढली, तो 1900 ला गेला आणि पुस्तक 1901 ला छापलं. त्यानं अंदाजही देऊन ठेवलाय, दहा हजारात पाच हजार तेउमिन, तीन हजार सोयांगिन, दोन हजार सोउमिन आणि तेयांगिन म्हणजे तीन-चार ते फार तर दहा. तेउमिनचं लिव्हर मोठं आणि फुप्फुसं लहान, सोउमिनची किडनी मोठी आणि प्लीहा लहान, असं ते गणित. आता हे मोठं-लहान सोनोग्राफीत दिसणारं नव्हे, आपल्याकडं कफ-वात म्हणतात तसलंच समजा.

मागच्या वर्षी ऑफिसातल्या मित्रानं मला त्यांच्या वैद्यांकडं नेलं. इथं त्यांना हानुइसा म्हणतात, सरकारी लायसन्स असतं, इन्शुरन्सही चालतो, म्हणजे रस्त्यावरचा जडीबुटीवाला नाही. वैद्यबाईंनी नाडी बघितली, पोट दाबून बघितलं, खांदे रुंद की कंबर ते बघितलं, मग घाम किती येतो, गार पाणी प्यायल्यावर पोट बिघडतं का, राग आला की बोलून टाकता का गिळता. राग गिळतो म्हटल्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, सोउमिन. कोंबडी खा, आलं खा, जिनसेंग घ्या, डुकराचं मांस आणि गारढोण पदार्थ टाळा, आणि शुगर-वजनाचं टेन्शन घेऊ नका, ती तेउमिनची दुखणी. मी खूश! त्या रात्री सामग्येतांग खाल्लं, म्हणजे पोटात भात भरलेली अख्खी कोंबडी, जिनसेंग घालून उकळलेली, आणि भात परत मागून घेतला.

दोन महिन्यांनी इथलं सरकारी हेल्थ चेकअप आलं. वजन 63, उंची 168, म्हणजे बीएमआय 22.3, एकदम नॉर्मल. मग नर्सनं कमरेला टेप लावली, 91 सेंटिमीटर. उपाशीपोटी शुगर 113, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 190. पाच गोष्टींपैकी तीन बिघडल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे डायबेटिस आणि हार्टच्या दुखण्याचा धोका वाढलेला, पुरुषांत कंबर 90 च्या वर, ट्रायग्लिसराइड 150 च्या वर, शुगर 100 च्या वर, माझ्या तिन्ही भरल्या. उरलेल्या दोन, बीपी आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, तेवढ्या वाचल्या. सोउमिन असून!

वैद्यबाईंची चेष्टा करत नाहीये मी. तेउमिन लोकांत डायबेटिस आणि मेटाबॉलिक सिंड्रोम जास्त सापडतो हे कोरियातल्या बऱ्याच अभ्यासांत आलंय, वजन हिशेबात धरूनही थोडा फरक उरतो असंही काही अभ्यास सांगतात. पण मुळात तेउमिन ठरवतात कशावरून, तर जाड हाडापेराचा, कंबर भरलेली, घाम येणारा यावरूनच की. इथंच देजॉनमध्ये कोरिया इन्स्टिट्यूट ऑफ ओरिएंटल मेडिसिन आहे, त्यांनी चेहरा, अंगकाठी, आवाज आणि प्रश्नावली यावरून प्रकार सांगणारं सॉफ्टवेअर केलंय, त्यातही अंगकाठी आलीच. मग भरल्या अंगाच्या माणसांना शुगर जास्त निघाली यात नवल ते काय. आणि बारीक माणूस सोउमिन ठरून निवांत झोपतो, तो मी.

आपल्या लोकांना तर हे फारच लागू पडतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 मधला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकातला तो जोडफोटो बघा. दोघांचा बीएमआय सेम 22.3, माझाही तोच निघाला योगायोगानं, पण शरीरातली चरबी युडकिनची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. हातपाय काड्या आणि पोटात चरबी, हा आपला साचा. तो या चार खणांत कुठं बसवायचा?

अजून एक लेखात राहिलंय आणि ते डेंजर आहे. तेउमिनच्या जाडीवर इथं तेउमजोवीतांग नावाचा काढा देतात, त्यात माहुआंग म्हणजे एफेड्रा असतो. त्यानं भूक मरते पण बीपी आणि हार्टचे ठोकेपण वाढतात, अमेरिकेनं 2004 मध्ये एफेड्राच्या सप्लिमेंटवर बंदी घातली ती उगाच नाही. इथं हानुइसा बघून देतात, पण लेख वाचून कुणी ऑनलाइन 'कोरियन स्लिमिंग टी' मागवली तर त्यात काय असेल कुणाला माहीत, आणि घरात बीपीच्या गोळ्या चालू असलेलं कुणी असेल तर विचारायलाच नको.

पुढच्या पुरवणीत प्रकार ओळखायचा तक्ता छापणार असाल तर शेजारी एक चौकट टाका एवढंच म्हणणं. पुरुष 90, बायका 80, हे आपल्या भारतीयांचे आकडे. टेप पँटच्या पट्ट्यावर लावायची नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. शिवणाच्या डब्यातली टेप चालते, मी आईला तीच काढायला लावली. तिची 86 आली.

— एक वाचक, सध्या मुक्काम देजॉन