‘ई-२० साठी योग्य’ म्हणून विकलेल्या डायफ्रॅममुळे (इंधन-पंपातील रबरी पडद्यामुळे) इंजिनचे झालेले नुकसान : तक्रार व भरपाईची मागणी

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५
सातारा

प्रति,
माननीय तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दिनांक ८ मे २०२५ रोजी खरेदी केलेल्या एसी पंप (इंजिनचा इंधन-पंप) व कार्बोरेटर दुरुस्ती किटमधील सदोष भागांबाबत.
संदर्भ : माझी दिनांक १८ सप्टेंबर २०२५ ची ई-मेल तक्रार व आपले दिनांक ९ ऑक्टोबर २०२५ चे उत्तर.

महोदय,

आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मी दिनांक ८ मे २०२५ रोजी प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप व कार्बोरेटर यांच्या दुरुस्तीचे दोन किट प्रत्येकी २,८५० रुपयांना विकत घेतले. एक लगेच बसवण्यासाठी होते व दुसरे अडीअडचणीला जवळ असावे म्हणून घेतले होते. किटच्या वेष्टनावर आणि संकेतस्थळावरील माहितीतही ‘ई-२० पेट्रोलसाठी योग्य’, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी योग्य, असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. केवळ या तीन शब्दांमुळे मी बाजारात ९०० रुपयांना मिळणारे साधे किट न घेता आपले किट घेतले. माझी संपूर्ण तक्रार त्या तीन शब्दांविषयी आहे, म्हणून ती सविस्तर मांडत आहे.

ही मोटार १९७८ सालची असून माझ्या वडिलांनी नंबर लावून, बराच काळ वाट पाहून घेतलेली आहे. चौदा वर्षे ती आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. शाळेतील विज्ञान शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी तिची दुरुस्ती हाती घेतली आणि येथील एका अनुभवी मिस्त्रींच्या मदतीने दोन वर्षांत पूर्ण केली. आपल्या उत्तरात ‘जुन्या गाडीतील इतर दोष’ असा मोघम उल्लेख असल्यामुळे, इंधनाच्या मार्गावर आम्ही काय काय केले ते सांगणे मला भाग आहे. पेट्रोलची टाकी उतरवून तिच्यातील गंज काढला, टाकी धुऊन वाळवली आणि मगच परत चढवली. टाकीपासून पंपापर्यंतची नळी बदलली, रबरी जोड इथेनॉल सहन करणाऱ्या विटॉन रबराचे घातले आणि पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर बसवला. १०८९ सीसीच्या या इंजिनचे सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन व रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, हेड गॅस्केट नवे टाकले, पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. जून महिन्यात आपले किट बसवून गाडी सुरू केली, तेव्हा पहिल्या दोन-तीन किल्लीतच इंजिन धरले आणि पुढील दोन महिने त्याविषयी कोणतीही कुरबूर नव्हती. दिनांक २४ ऑगस्ट रोजी मी स्वतः ऑइल तपासले होते व ते डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर बरोबर होते.

दिनांक १४ सप्टेंबर रोजी मी व माझा मुलगा पुण्याहून साताऱ्याला परत येत होतो. खंबाटकी घाटाच्या चढाला लागताच इंजिन दम खाऊ लागले. दुसऱ्या गिअरमध्येही ते ओढेना, आणि अर्ध्या घाटात गाडी बंद पडली. बंद पडण्यापूर्वी ऑइलचा लाल दिवा लुकलुकत होता आणि गाडीत पेट्रोलचा वास पसरला होता. बॉनेट उघडल्यावर पंपाच्या खालच्या बाजूने पेट्रोल ठिबकताना आम्हाला दिसले. शेजारून मालवाहू गाड्या जात असताना आणि इंजिन तापलेले असताना ते दृश्य किती भीतिदायक होते, हे आपल्या कार्यालयात बसून समजणे कदाचित अवघड असेल. आम्ही पुन्हा किल्ली फिरवली नाही. बॅटरीची तार सोडवली आणि टोइंगची गाडी बोलावली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मिस्त्रींनी डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा घातली, बाहेर काढली आणि काही न बोलता नाकाशी नेली. मग ती माझ्या हातात दिली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटे वर चढलेले होते, पाण्यासारखे पातळ झाले होते आणि त्याला पेट्रोलचा उग्र वास येत होता. ऑइल वाढणे ही गोष्टच मुळात अशक्य असते. ते वाढलेले दिसले तर त्यात दुसरे काहीतरी मिसळलेले असते, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. पंप उघडल्यावर कारण समोर आले. आपल्या डायफ्रॅमचे रबर फुगून मऊ पडले होते, कापडाच्या थरापासून सुटले होते आणि मधल्या दांडीच्या वॉशरभोवती अर्धवर्तुळाकार चीर गेली होती.

आपल्या तांत्रिक विभागाला हे ठाऊक असणारच, तरीही पत्रात नोंद राहावी म्हणून लिहिते. या गाडीचा पंप इंजिनच्या ब्लॉकवर बसतो आणि कॅमशाफ्टच्या फिरण्यावर त्याची दांडी खालीवर होते. पेट्रोल आणि इंजिनच्या आतला भाग यांच्यामध्ये केवळ हा डायफ्रॅम असतो. तो फाटला की कार्बोरेटरकडे जाणारे पेट्रोल कमी पडते, त्यामुळे चढावर गाडी बंद पडते. परंतु खरे नुकसान त्यानंतर होते. फाटलेल्या जागेतून उतरलेल्या पेट्रोलपैकी थोडे बाहेर ठिबकते आणि उरलेले चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या भांड्यात) जाऊन ऑइलमध्ये मिसळते. पातळ झालेले ऑइल बेअरिंग आणि क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) यांच्यामध्ये टिकत नाही, धातूवर धातू घासतो. माझ्या इंजिनचे चेंबर उतरवले तेव्हा दुसऱ्या व तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर नखाला लागतील इतके खोल ओरखडे होते. जेमतेम ६४० किलोमीटर चाललेल्या नव्या बेअरिंगची ही अवस्था होती.

दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पेट्रोल ऑइलमध्ये गेले असेल का, हेही आम्ही तपासले, कारण चुकीच्या माणसाला दोष देण्याची माझी इच्छा नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) ११५ ते १२० पीएसआयच्या दरम्यान आले, म्हणजे रिंगांमधून पेट्रोल खाली उतरले असे म्हणता येत नाही. कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व्ह, जो आपल्याच किटमधील आहे, पेट्रोल व्यवस्थित अडवत होता आणि हे मी आवर्जून नमूद करते. फिल्टर स्वच्छ होता, टाकीत गंज नव्हता. संशय फक्त डायफ्रॅमवर येऊन थांबतो.

आपल्या दिनांक ९ ऑक्टोबरच्या उत्तरात म्हटले आहे की, ‘पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण शासनाच्या धोरणानुसार ठरते व त्यामुळे जुन्या वाहनांत होणाऱ्या बिघाडास कंपनी जबाबदार नाही.’ हे वाक्य वाचून मला अतिशय वाईट वाटले. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते ही गोष्ट कोणापासून लपलेली नाही. २०१४ साली दीड टक्क्याच्या आसपास असलेले मिश्रण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही, हेही सर्वज्ञात आहे आणि नेमके त्याच कारणासाठी ग्राहक आपले महाग किट घेतात. पावसाळ्यासाठी म्हणून छत्री विकायची आणि ती गळू लागल्यावर पाऊस आमच्या हातात नाही असे सांगायचे, तसे हे उत्तर आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील आपल्या खुलाशात काही जुन्या वाहनांतील रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर बदलावे लागू शकतात असे म्हटले आहे. ते विधान जुन्या भागांविषयी आहे. खास ई-२० साठी म्हणून विकलेला आपला नवा भाग ६४० किलोमीटरही टिकला नाही.

माझ्याकडील न वापरलेल्या दुसऱ्या किटमधील डायफ्रॅमवर मी एक साधी चाचणी केली, तिचे निष्कर्ष छायाचित्रांसह जोडले आहेत. मोजपात्रात पेट्रोल पंपावर विकत मिळणारे १०० मिलिलिटर पेट्रोल घेऊन त्यात १० मिलिलिटर पाणी घातले, हलवले आणि स्थिर होऊ दिले. इथेनॉल पाण्यात उतरते, पेट्रोल उतरत नाही. त्यामुळे तळाचा पाण्याचा थर १० वरून सुमारे २९ मिलिलिटरवर गेला. पेट्रोल २० टक्के मिश्रणाचे होते, त्याहून अधिक नव्हते, हे यावरून दिसते. वरचे, इथेनॉल निघून गेलेले पेट्रोल वेगळ्या बरणीत काढले. मग डायफ्रॅमचे दोन सारखे तुकडे कापून एक पंपावरच्या पेट्रोलमध्ये आणि दुसरा या धुतलेल्या पेट्रोलमध्ये, घट्ट झाकण लावून, दिनांक २२ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर असे चौदा दिवस ठेवले. सोबत विटॉनच्या नळीचा एक तुकडाही पंपावरच्या पेट्रोलमध्ये ठेवला. धुतलेल्या पेट्रोलमधील तुकड्याची जाडी ०.८ मिलिमीटरवरून ०.९ झाली. पंपावरच्या पेट्रोलमधील तुकडा १.१५ मिलिमीटरपर्यंत फुगला आणि त्याचे रबर अंगठ्याच्या नखाने कापडावरून सालीसारखे निघून आले. विटॉनच्या नळीत व्हर्नियर मापकाला फरक सापडला नाही. ही प्रयोगशाळेतील चाचणी नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून डायफ्रॅमचा उरलेला अर्धा भाग, फाटलेला डायफ्रॅम आणि वेष्टन मी जपून ठेवले आहे. आपण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तो भाग आपल्या खर्चाने तपासून घेऊ शकता. तपासणीच्या वेळी मी हजर राहीन.

किटमधील मेन जेटबाबतही, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागाबाबतही, माझी तक्रार आहे. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, तर इथेनॉलला साधारण ९. त्यामुळे २० टक्के मिश्रणावर जुन्याच जेटने गाडी चालवली तर मिक्श्चर लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन तापते. आपल्या माहितीपत्रकात ‘ई-२० साठी मोठा जेट’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात जेटवर कोणताही आकडा ठोकलेला नाही, आणि जुन्या मूळ जेटमधून जाणारी मापाची पिनच आपल्या जेटमधून जाते, तिच्याहून जाड पिन जात नाही. प्लग काढून पाहिले तेव्हा त्यांची टोके पांढरी पडलेली होती, हे मिक्श्चर लीन असल्याचे लक्षण आहे. मोठा जेट दिलेलाच नाही, एवढाच याचा अर्थ होतो.

‘अधिकृत मेकॅनिककडून बसवले नाही’ आणि ‘सात दिवसांनंतर माल परत घेतला जात नाही’ ही आपली उरलेली दोन कारणे मला मान्य नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी उत्पादन थांबलेल्या गाडीचा अधिकृत मेकॅनिक कोठे आहे, हे आपण कळवावे. सदोष माल परत घेण्यास नकार देता येत नाही, हे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट आहे. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे बंधनकारक असताना मला पहिले उत्तर मिळण्यास एकवीस दिवस लागले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(१०) नुसार विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यास खरी न उतरणारी वस्तू सदोष ठरते. वेष्टनावर छापलेला दावा यापेक्षा अधिक स्पष्ट कसा असू शकेल?

माझा खर्च पुढीलप्रमाणे झाला आहे : दोन किट ५,७०० रुपये, ऑइल व फिल्टर १,७५० रुपये, बेअरिंगचा संच ४,२०० रुपये, क्रँक ग्राइंडिंग ३,५०० रुपये, इंजिन उतरवणे व चढवणे यांची मजुरी ९,००० रुपये आणि टोइंग ४,५०० रुपये, एकूण २८,६५० रुपये. ही रक्कम आपण मला द्यावी. परंतु पैशांपेक्षा मला पुढील मागणी अधिक महत्त्वाची वाटते. माझ्या दोन्ही किटवर एकच बॅच क्रमांक आहे आणि त्या बॅचचे किट आणखी कितीतरी लोकांनी आपल्या गाड्यांत बसवले असतील. मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाली असली, तरी घराघरांत जपलेल्या अशा गाड्या अजून आहेत आणि त्यांतून म्हातारी माणसे व मुले प्रवास करतात. चेंबरमध्ये पेट्रोल उतरत असल्याचे त्यांना, दररोज डिपस्टिक हुंगल्याशिवाय, कळणार नाही. आपल्याकडे प्रत्येक ऑनलाइन ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक आहे. त्या बॅचच्या सर्व खरेदीदारांना आपण तातडीने कळवावे, विक्री थांबवावी आणि डायफ्रॅम बदलून द्यावेत.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे आणि आयोगाला नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकारही आहे. तोपर्यंत फाटलेला डायफ्रॅम, ओरखडे पडलेली बेअरिंग आणि चेंबरमधून काढलेल्या ऑइलची सीलबंद बाटली गॅरेजमध्ये ठेवलेली आहे. आपल्या प्रतिनिधीने कोणत्याही कामकाजाच्या दिवशी, आदल्या दिवशी कळवून, येऊन ती पाहावीत.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
ग्राहक, सातारा

सोबत : खरेदीच्या बिलाची प्रत, वेष्टनाची व डायफ्रॅमची छायाचित्रे, चाचणीच्या नोंदी, गॅरेज व टोइंगची बिले.