चित्रकथीचे रंग वाचवण्यासाठी : वस्तुसंग्रहालयाच्या फायबर ऑप्टिक प्रकाशयोजनेला मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवरच्या वस्तुसंग्रहालयात सहा काचपेट्यांमधली प्रकाशव्यवस्था बदलायची आहे. जुन्या ट्यूब आणि हॅलोजन काढून तिथे फायबर ऑप्टिक दिवे, म्हणजे बाहेर ठेवलेल्या दिव्याचा उजेड बारीक तंतूंतून पेटीत आणणारे दिवे, बसवायचे आहेत. एकूण खर्च ४ लाख ८५ हजार रुपये आहे. सर्वसाधारण सभेने वाचनालयाच्या गंगाजळीतून १ लाख रुपये मंजूर केले आहेत. राहिलेले ३ लाख ८५ हजार रुपये ग्रामस्थ, सभासद आणि मुंबई-पुण्याकडे असलेले आपले चाकरमानी यांच्याकडून उभे करायचे आहेत.

दिव्यांवर एवढा पैसा कशाला, हा प्रश्न सभेतही आला आणि तो अगदी रास्त होता. आधी छप्पर पाहा, मग दिवे, असेही काही जण म्हणाले. छप्पर गेल्या वर्षी झाले. आता दिव्यांची पाळी का आली, ते सविस्तर सांगायला हवे.

पिंगुळीच्या ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली चित्रकथी आपल्याकडच्या बहुतेकांनी ऐकलेली आहे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची, अशा चित्रांची पोथी करायची आणि एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगायची. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या सिंधुदुर्गाचा ऊर भरून आला होता. अशा एका जुन्या पोथीची काही पाने आपल्या संग्रहात आहेत. त्यातले रामाचे एक चित्र दारासमोरच्या काचपेटीत कित्येक वर्षे उघडे मांडलेले आहे आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यावर माहितीचे छोटे कार्ड ठेवलेले असे.

उन्हाळ्यात साफसफाईसाठी पेटी उघडली आणि ते कार्ड उचलले. कार्डाखाली पितांबराचा काठ हळदीसारखा पिवळाधमक आणि त्यावरची हिंगुळाची लाल रेघ कालच ओढल्यासारखी! कार्डाच्या बाहेर मात्र तोच पितांबर कागदाच्या रंगाचा झालेला आणि तीच रेघ तपकिरी, काळपट. दोन्हींच्या मधली सीमा पट्टीने आखावी तशी सरळ होती. चित्र एकच, कागद एकच, हवा आणि दमटपणाही तोच. फरक फक्त उजेडाचा.

असे होण्याचे कारण रंगांच्या मुळाशी आहे. जुने चित्रकार पिवळ्यासाठी हरताळ हे खनिज वापरत आणि हरताळ उजेडात पांढुरका पडत जातो. हिंगुळ हे लाल खनिज उलट काळवंडते, आणि आपल्याकडची खारी हवा त्या काळवंडण्याला हातभारच लावते. हळदीने रंगवलेले कापड तर सर्वात आधी उडते. नीळ आणि मंजिष्ठ (मुळापासून काढलेला लाल रंग) त्या मानाने टिकाऊ, पण तेही अमर नाहीत. पोथ्यांमधली काजळाची शाई उजेडाला दाद देत नाही, म्हणून अक्षरे काळीभोर दिसतात आणि आपल्याला वाटते की पोथी ठणठणीत आहे. प्रत्यक्षात कागद पिवळा आणि ठिसूळ होत असतो. पान उलटताना कडा हातात येते तेव्हा कळते.

यात सर्वात वाईट गोष्ट अशी की उजेडाने झालेले नुकसान भरून निघत नाही. वाळवी लागली तर औषध आहे, बुरशी आली तर पुसता येते, फाटलेले पान जपानी कागदाने सांधता येते. उडालेला रंग परत आणणारे औषध जगात कुठेही नाही. आणि हे नुकसान साचत जाते. उजेडाची तीव्रता लक्समध्ये मोजतात; ती जेवढे तास पडते तेवढ्या तासांनी गुणायची की लक्स-तास मिळतात. कागदाला आणि कापडाला हाच हिशेब कळतो. म्हणूनच कागदावरची रंगचित्रे, हस्तलिखिते आणि वस्त्रे यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, असा दंडक जगभरची संग्रहालये पाळतात. तैलचित्रांना १५० ते २०० लक्स चालतात. दगड, पितळ, तांबे यांना फारशी चिंता नाही.

आम्ही उसना मागून आणलेला लक्समीटर, म्हणजे उजेड मोजणारे यंत्र, चित्रकथीच्या पेटीत ठेवून पाहिला. ट्यूबखाली ४०० लक्स. संग्रहालय रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस उघडे असते, म्हणजे ९ लाख ६० हजार लक्स-तास. तेच ५० लक्सचा दिवा लावला आणि समोर कोणी उभे असेल तेव्हाच तो लागेल अशी सोय करून दिवसाचे तीन तास धरले, तर वर्षाला ४५ हजार होतात. आज एका वर्षात त्या चित्रावर जेवढा उजेड पडतो, तेवढा पडायला मग एकवीस वर्षे लागतील. चित्र तेवढे जास्त जगेल. आम्हाला या आकड्यापुढे दुसरे काही सांगावेसे वाटत नाही.

आता फायबर ऑप्टिकच का, ते.

सध्याच्या पेट्यांत दिवा आत आहे. ट्यूबचा चोक तापतो, हॅलोजन तर हात लावला की चटका देतो. साध्या तारेच्या बल्बमध्ये जाणाऱ्या विजेचा फार थोडा भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णताच. दिवसा पेटीतली हवा तापून फुगते आणि फटींतून बाहेर जाते. संध्याकाळी दिवे बंद केले की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. आपल्या पावसाळ्यात ती हवा कशी असते हे वेगळे सांगायला नको. रोजच्या या खेळात कागद ताणतो, सैलावतो आणि रंगाचे पोपडे सुटू लागतात. शिवाय ट्यूबमधून थोडे अतिनील किरण येतात, डोळ्यांना न दिसणारे पण रंग आणि कागद खराब करणारे, ते वेगळेच. आणि बल्ब गेला की वायरमन पेटी उघडणार, त्याचा हात दोनशे वर्षांच्या कागदावरून जाणार.

फायबर ऑप्टिक पद्धतीत दिवा पेटीत नसतोच. तो एका लहान डब्यात, पेटीच्या खालच्या कप्प्यात किंवा मागे, वेगळ्या आधारावर बसवतात, म्हणजे त्याच्या पंख्याची थरथरही वस्तूपर्यंत पोचत नाही. त्या डब्यातून काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या तंतूंचा जुडगा निघतो आणि त्याच्या शेपट्या पेटीच्या चौकटीतून आत जातात. प्रत्येक शेपटीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढे भिंग असते. ते हवे तिकडे वळवता येते. पेटीत येतो तो फक्त उजेड. वीज नाही, उष्णता जवळजवळ नाही, अतिनील किरणही जवळजवळ नाहीत, कारण त्यांना डब्यातली गाळणी आणि खुद्द तंतूच अडवतात. दिवा बदलायचा तर खालचा कप्पा उघडायचा. पेटीचे कुलूप तसेच राहते.

उजेड तंतूच्या आत राहतो कसा, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे. काचेतून जाणारा किरण तिच्या कडेला तिरका आदळला की बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. असे हजारो वेळा होत तो दुसऱ्या टोकाला पोचतो. १८४१ साली जिनिव्हात कोलाडॉन या शास्त्रज्ञाने टाकीतून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत उजेड सोडून, तो धारेबरोबर वळतो हे दाखवले होते. पुढे १९५४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि आपले नरिंदर सिंग कपानी या शास्त्रज्ञांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले. कपानी पंजाबातल्या मोग्याचे. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केले ते त्यांनीच, आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आपल्या घराघरांत इंटरनेट पोचवणारी तार ती हीच विद्या. दिवे बसले की शाळांतल्या मुलांसाठी पाण्याच्या धारेचा हा प्रयोग संग्रहालयात मांडायचा, असे ठरवले आहे.

काही जाणकारांनी विचारले, की आता एलईडी स्वस्त आहेत, पट्ट्या चिकटवल्या की काम झाले. खोलीच्या उजेडासाठी आणि पितळी समया, तांब्याची भांडी, शस्त्रे यांच्या पेट्यांसाठी आपण एलईडीच लावणार आहोत. तिथे जादा पैसे घालणे हा देणगीदारांच्या पैशाचा अपव्यय होईल. पण एलईडीच्याही पाठीमागे उष्णता असतेच, आणि पट्टी आत लावली की तिच्याबरोबर वायर, जोड आणि कधी ना कधी दुरुस्ती आत येते. आपल्या पेट्या जुन्या सागवानी आहेत, वर जागा नाही, आणि लाकडाजवळ, कागदाजवळ वीज नकोच असे आमचे ठाम मत आहे. म्हणून या सहा पेट्यांपुरते तंतू. तंतूंना उजेड देणाऱ्या डब्यात मात्र एलईडीच असेल, ऊबदार पिवळसर छटेचा, रंग खरे दिसतील अशा दर्जाचा.

तंतू बसवले म्हणजे सगळे साधले, असेही कोणी समजू नये. दिसणारा उजेडही रंग उडवतोच, मग तो कुठल्याही मार्गाने येवो. म्हणून उजेड ५० लक्सवर आणणे, माणूस नसताना दिवा मालवणे, दर तीन महिन्यांनी पान उलटणे आणि खिडक्यांना पडदे व अतिनील किरण अडवणारी फिल्म लावणे हे सगळे बरोबरीने करायचे आहे. भर दुपारच्या उन्हातून आलेल्या माणसाला ५० लक्स म्हणजे अंधार वाटेल. डोळे सरावायला वेळ लागतो आणि ज्येष्ठांना जास्तच लागतो. त्यासाठी जिन्यापासून खोलीपर्यंत उजेड टप्प्याटप्प्याने कमी करणार आहोत, आणि प्रत्येक पेटीशेजारी त्या पानाचे मोठे छायाचित्र लावणार आहोत, म्हणजे आजी-आजोबांना बारकावे तिथे पाहता येतील. बारीक भिंगातून येणारा उजेड नेमका चित्रावर पडतो, काचेवर चमक येत नाही, त्यामुळे कमी उजेडातही चित्र उठून दिसते.

खर्चाचा तपशील असा. एका पेटीचा डबा, तंतू, भिंगे, सेन्सर आणि बसवणावळ मिळून ५८ हजार रुपये. सहा पेट्यांचे ३ लाख ४८ हजार. पेट्यांना खालचा हवेशीर कप्पा आणि धूळ न जाणाऱ्या चौकटी करण्याचे सुतारकाम ६० हजार. पडदे आणि फिल्म ४५ हजार. स्वतःचा लक्समीटर आणि अतिनील मोजणारे यंत्र ३२ हजार. तीन ठिकाणची दरपत्रके मागवली होती. ती कार्यालयात कोणालाही पाहता येतील.

सगळी रक्कम एकदम जमली नाही तर काम अडून राहणार नाही. चित्रकथीच्या दोन पेट्या सर्वांत आधी. नंतर पोथ्या आणि मोडी कागदांच्या दोन, मग जुना शेला. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची) पेटी शेवटी घेतली आहे, कारण त्या पानांवर लाखेचा थर आहे आणि त्यांचा डाव बंद डब्यात ठेवून १२० पैकी मोजकीच पाने मांडता येतात. चित्रकथीला मात्र थांबता येणार नाही. तोपर्यंत त्या पेटीवर जाड कापड टाकले आहे. पाहुणे आले की ते बाजूला करतो. येताना कोणाला ते चमत्कारिक वाटले तर त्याचे कारण हे.

एका पेटीचा पूर्ण खर्च कोणा कुटुंबाने किंवा मंडळाने उचलला तर त्या पेटीजवळ त्यांच्या इच्छेप्रमाणे आई-वडिलांच्या नावाची पाटी लावू. पण फूल ना फुलाची पाकळी, शंभर रुपयेही आम्हाला तेवढेच मोलाचे आहेत. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि देणगीदारांची यादी व खर्चाचा हिशेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या फलकावर लागेल. रक्कम उरली तर ती याच संग्रहालयाच्या जतनकामासाठी राखून ठेवली जाईल, दुसरीकडे वळवली जाणार नाही.

पैशाखेरीज हातांचीही गरज आहे. सागवानी जुन्या कामाचा सराव असलेले सुतार हवे आहेत. चौकटीला भोक पाडताना जपून काम करणारा माणूस मिळणे पैशापेक्षा कठीण आहे. तंतू फार आखूड वळणात वाकवला तर उजेड गळतो किंवा काच तुटते, त्यामुळे बसवताना दोन धीराची माणसे मदतीला लागतील. पडद्यांची शिवण महिला मंडळाने करून दिली तर खर्च बराच खाली येईल. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी दर महिन्याला सहाही पेट्यांत लक्स मोजून वहीत नोंद करावी, अशी विनंती त्यांच्या प्राध्यापकांना केली आहे आणि त्यांनी होकार दिला आहे.

ज्यांच्या घरी माळ्यावर, देवघरात, पेटाऱ्यात चित्रकथीची पाने, पोथ्या, जुनी पैठणी असेल त्यांनाही एक विनंती. ती भिंतीवर फ्रेम करून उन्हासमोर लावू नका. खिडकीच्या काचेतून अतिनील किरणांचा बराचसा भाग आत येतो. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या, काळोख्या जागी ठेवा. दाखवायला आणलीत तर आम्ही विनामूल्य पाहून सल्ला देऊ. वस्तू तुमचीच राहील.

गणपतीला बहुतेक मंडळी गावी येतात, म्हणून देणग्या स्वीकारण्याचे काम आतापासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालू राहील. वाचनालयाचे कार्यालय सोमवार सोडून रोज सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ४ ते ७ उघडे असते. धनादेश वाचनालयाच्या नावे काढावा. ऑनलाइन रक्कम पाठवणाऱ्यांनी खात्याचा तपशील कार्यालयातून किंवा पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्यांकडून घ्यावा, इतर कुणी फोनवर सांगितलेल्या खात्यात पैसे भरू नयेत. गणपतीच्या दिवसांत रोज संध्याकाळी ५ वाजता चित्रकथीच्या पेटीवरचे कापड काढून, कार्डाखालचा आणि बाहेरचा रंग सर्वांना दाखवू. सहकुटुंब यावे, मुलांना नक्की आणावे.

आपली,
वस्तुसंग्रहालय समिती,
सार्वजनिक वाचनालय