कोड्यात कधी फसणारा बळीही छापा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतले बुद्धिबळाचे कोडे मी दर आठवड्याला माझ्या वर्गातल्या मुलांपुढे मांडते. कोडी चांगली असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळी एकाच वळणाची असतात: पांढऱ्याची खेळी, तीन चालींत मात. परिणाम असा की, मोहरी लावून होण्याआधीच मागून आवाज येतो, ‘वजीर द्यायचा!’ आणि उत्तर बहुधा बरोबरच निघते. मला काळजी वाटते ती त्याचीच.

आमिष म्हणून मोहऱ्याचा बळी देणे, ज्याला आम्ही ‘डिकॉय’ म्हणतो, ती धाडसाची खेळी आहे असा मुलांचा समज होतो. माझ्या मते त्यात धाडस जवळजवळ नसतेच. १९१० साली व्हिएन्नात रेटी (पांढरी मोहरी) विरुद्ध टार्टाकोवर (काळी) हा डाव झाला. नवव्या चालीला रेटीने वजीर डी८ या घरावर (अक्षर उभी पट्टी सांगते, आकडा आडवी रांग), थेट काळ्या राजाच्या शेजारी नेऊन शह दिला. काळ्यापुढे एकच कायदेशीर खेळी होती, राजाने वजीर मारणे. राजा डी८ वर आला आणि तिथेच डाव संपला, कारण डी पट्टीत मागे पांढरा हत्ती होता आणि त्याच्यापुढे उंट. उंट जी५ वर गेला की उंटाचा आणि हत्तीचा असा दुहेरी शह. दुहेरी शहात मध्ये मोहरे घालून भागत नाही, राजालाच हलावे लागते. तो सी७ वर गेला तर उंट डी८ वर येऊन मात, ई८ वर परतला तर हत्ती डी८ वर येऊन मात. सी७ वरून पळायला जागा का नाही, तर बी८, सी८, बी७, सी६ ही घरे काळ्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली. सगळा हिशेब वजीर उचलण्याआधीच पुरा झालेला होता.

आता याच स्थितीत एफ८ वरचा काळा उंट फक्त एक घर सरकवून ई७ वर ठेवा. दिसायला चित्र तेच. पण वजीर डी८ वर गेला की राजाला हलायचे कारणच नाही, उंटच वजीर मारतो. वजीर फुकट गेला, हाती काही नाही. हे चित्र मी वर्गात मांडते तेव्हाही तोच आवाज येतो, तितक्याच उत्साहाने.

प्रतिस्पर्ध्याने आमिष नाकारले तर काय, हा प्रश्न तर कोड्यांत कधी येतच नाही. अठराव्या शतकातल्या लेगाल या फ्रेंच खेळाडूच्या नावाची मात घ्या. पांढरा घोडा ई५ वरचे प्यादे मारतो आणि मागचा वजीर जी४ वरच्या काळ्या उंटासाठी उघडा पडतो. उंटाने वजीर खाल्ला तर उंट आणि दोन घोडे मिळून मात करतात. काळ्याने मोह आवरून डी६ च्या प्याद्याने घोडा मारला, तर पांढरा वजीर जी४ वरचा उंट घेतो आणि एका प्याद्याने पुढे राहतो. आमिष गिळले नाही तरी तोटा नाही, म्हणून ते चांगले आमिष. पण काळ्याचा घोडा सी६ वर असेल तर तो ई५ वरचा घोडा मारतो आणि तिथूनच जी४ चेही रक्षण करतो. पांढऱ्याचे एक मोहरे गेले. सापळा तोच, फरक एका घोड्याचा.

शिवाय बक्षीस दर वेळी मातच असते असेही नाही. १९६६ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, दहाव्या डावात जगज्जेत्या पेट्रोस्यानने आव्हानवीर स्पास्कीविरुद्ध तिसाव्या चालीला वजीर एच८ वर ठेवून शह दिला. राजाने तो घ्यायचा, मग घोड्याने एफ७ वरचा हत्ती मारून शह देत काळ्या वजिरावरही रोख धरायचा. वजीर परत आणि वर एक मोहरे जास्त, बस्स. स्पास्कीने लगेच डाव सोडला. बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूची ही खेळी आहे, हे मी मुलांना मुद्दाम सांगते.

म्हणून माझी विनंती एवढीच: चार कोड्यांमागे एखादे असे छापा, ज्यात वजीर देण्याचा मोह होईल आणि दिला तर डाव हातचा जाईल. कधी काळ्याच्या बाजूने विचारा, ‘हा बळी घ्यावा का?’ वरचे, उंट ई७ वर ठेवलेले चित्र पहिल्या कोड्यासाठी खुशाल वापरा. फक्त त्या आठवड्यात ‘तीन चालींत मात’ ही ओळ काढा आणि उत्तर त्याच पानावर उलटे छापू नका. मुले पान फिरवून आधी तेच वाचतात.

आपली नियमित वाचक,
एक बुद्धिबळ शिक्षिका