आवळलेली स्प्रिंग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. फोनवर तू "थांब, थांब, आधी हे सांग" म्हणून मधेच घुसतोस आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून पत्र. सगळं वाचून झाल्याशिवाय बोलायचं नाही. माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, हिची पाठ आता दुखत नाही. झालं.

मी एक वापरलेला प्रेशर वॉशर घेतला, पाण्याची जोरदार धार मारणारं यंत्र. आपल्या धाकट्या पुतण्यासाठी. तुझाच शिष्य तो, स्क्रू फिरवायला तूच शिकवलंस त्याला. त्याला गाड्या धुण्याचं काम स्वतःचं सुरू करायचं आहे, आणि नवं यंत्र घ्यायची आत्ता ऐपत नाही. विकणारा माणूस साधा होता. "मोटर जळली आहे, म्हणून काढून टाकतोय, चालू होता तेव्हा 200 बार दाब मारायचा," म्हणाला. मी मोटरच्या पंख्याचं झाकण काढलं आणि आधी वास घेतला. तुझं वाक्य आठवलं, जळकी मोटर डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखायची. वार्निश करपल्याचा वास अजिबात नव्हता. पंखा हाताने फिरवला तर पंपासकट अलगद फिरला. तिथेच ठरवलं, घ्यायचा.

200 बारची गोष्ट मात्र मी तिथल्या तिथे बाजूला ठेवली. प्लेटवर मोटर 2.2 किलोवॉट, पाणी मिनिटाला 8 लिटर आणि दाब 130 बार लिहिलेलं होतं. बार गुणिले लिटर भागिले 600 केलं की पाण्याला लागणारे किलोवॉट मिळतात. 130 ला 1.73 येतात, म्हणजे मोटरीला पंपातलं घर्षण सोसूनही जागा उरते. 200 ला येतात 2.67, ते या मोटरीच्या बापालाही जमायचं नाही. जुनं यंत्र बघताना हा एक हिशेब केला की निम्म्या गप्पा आपोआप गळतात. हे मी पुतण्यालाही पाठ करायला लावलंय.

घरी आणून वीज दिली. मोटर नुसती हूं हूं करत राहिली, फिरेना. लगेच बंद केली. मोटरीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर बाहेर काढला तर तो वरून फुगलेला. (आधी तो रेझिस्टर लावून रिकामा केला, तू विचारणारच.) त्याच मायक्रोफॅरडचा आणि त्याच व्होल्टेजचा नवा घातला आणि मोटर एका झटक्यात उठली. पुतण्या नाचायला लागला. तुला आपल्या सरांचा रेडिओ आठवतो? जोडल्यावर एक स्क्रू हातात उरला होता आणि तू छातीठोकपणे सांगितलंस की कंपनीवाले एखादा जास्तच देतात. सरांनी तो स्क्रू वर्षभर टेबलावर ठेवला होता. पुतण्याला हा किस्सा सांगितला, तेव्हापासून तो काम संपलं की जमिनीवर वाकून उरलेले स्क्रू शोधतो.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. पुढचं नीट वाच.

मोटर चालली, पण गनमधून पाणी धक्के देत यायला लागलं. होजवर हात ठेवला तर नाडीसारखं उडत होतं. आधी पुरवठा तपासला, कारण निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. 10 लिटरची बादली नळाखाली साधारण 40 सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला 15 लिटर. पंपाला हवेत 8. फिल्टर साफ होता. आत येणाऱ्या नळीचे सगळे जोड पाहिले, हवा कुठेही ओढत नव्हती. मग पंपच उघडावा लागला.

तीन दट्ट्यांचा पंप आहे, पांढऱ्या सिरॅमिकचे दट्टे, एकावरही ओरखडा नाही. ऑइल तपकिरी होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी आत शिरलेलं नाही. जीव भांड्यात पडला. मग पंपाच्या डोक्यावरची पितळी टोपणं काढली. सहा वॉल्व्ह असतात, तीन पाणी आत घेणारे, तीन बाहेर सोडणारे. प्रत्येकाखाली चिमुकली स्प्रिंग, चकती आणि बैठक. पाच स्वच्छ. सहाव्याच्या चकतीखाली टेफ्लॉन टेपचा पांढरा धागा अडकलेला होता, नखाएवढा, दातांत अडकावा तसा. कोणीतरी आत येणाऱ्या जोडाला सढळ हाताने टेप गुंडाळली असणार, तिचं टोक आट्याच्या पुढे लोंबलं, तुटलं आणि पाण्याबरोबर वाहत इथे येऊन बसलं. चकती बैठकीवर टेकतच नव्हती. चिमट्याने ओढून काढला. तू असतास तर तो धागा पाकिटात ठेवला असतास, मी ठेवलाय.

आता गंमत बघ. एक दट्ट्या निकामी झाला की पाणी एक तृतीयांश कमी होतं, पण गनच्या टोकाचं नोझल तेच असेल तर दाब पाण्याच्या वर्गाच्या हिशेबाने उतरतो. दोन तृतीयांशाचा वर्ग चार नवमांश. म्हणजे 130 च्या जागी जेमतेम 58 बार. आणि नोझल भिंगाखाली धरलं तर त्याचं भोकही झिजून लंबगोल झालेलं. भोक क्षेत्रफळाने 10 टक्के वाढलं तरी दाब साधारण 17 टक्के जातो. आधीच्या मालकाला यंत्र मेल्यासारखं वाटलं असणार यात नवल नाही.

मग त्याने, किंवा त्याने बोलावलेल्या कोणीतरी, काय केलं? गन बंद झाली की पाणी परत वळवणाऱ्या अनलोडर वॉल्व्हची स्प्रिंग आवळली. पार तळापर्यंत. वरचं लॉकनट पान्याने खरवडलेलं आहे, आणि बोल्टचे आटे आत इतके गेलेत की बाहेर एकसुद्धा दिसत नाही. मला हे दिसलं आणि मी पाना खाली ठेवला.

तुला अनलोडर समजावत बसत नाही, पण मनातलं लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. असा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं पाणी ढकलतो. दाब त्यामुळे नोझलवर ठरतो, स्प्रिंगवर नाही. स्प्रिंग आवळून झिजल्या नोझलचा दाब वाढत नाही. ती फक्त ठरवते, गन बंद केल्यावर ते पाणी किती दाबाला परत वळवायचं. पार आवळली की ते वळतच नाही. बंद गन, फिरती मोटर, आणि जायला वाट नसलेलं पाणी. मोटर कण्हत अडकत असणार, आणि मला वाटतं कपॅसिटर त्यातच गेला. दाब बोथट, म्हणून स्प्रिंग आवळली. स्प्रिंग आवळली, म्हणून मोटरीवर ताण. मोटर उठेना, म्हणून "जळली". एका नखाएवढ्या धाग्यापासून सगळं रामायण. आणि मी जर फक्त धागा काढून, नवं नोझल लावून, खूश होऊन यंत्र पोराच्या हातात दिलं असतं, तर तिन्ही दट्टे पूर्ण जोरात आणि सुटका करणारा वॉल्व्ह मुका, अशी ती जोडी झाली असती.

आता कळलं ना, हे पत्र तुलाच का?

दादाचं बोट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. इंजेक्टर तपासताना उडालेली डिझेलची ती धार. टाचणी टोचल्याएवढं भोक, रक्ताचा एक थेंब, दादा फडक्याला हात पुसून "काही नाही रे" म्हणाला आणि कामाला लागला. रात्री हात फुगला. त्या वयात आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं की वर जखम दिसत नाही आणि आत सगळं पसरलेलं असतं. आता माहीत आहे. साधारण 7 बार दाबाची बारीक धारही कातडी भेदू शकते. या यंत्राचे 130 आहेत. पुतण्याला मी समोर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. धार लागली तर जखम कितीही क्षुल्लक दिसो, दुखो न दुखो, सरळ हॉस्पिटल, आणि तिथे पहिलं वाक्य "उच्च दाबाची धार आत गेली आहे" हेच. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. नोझल बदलायचं तर आधी मोटर बंद, नळ बंद, मग गन दाबून आतला दाब सोडायचा. तो म्हणाला, "काका, मी गाड्या धुणार आहे, लढाईला नाही चाललो." मी त्याला दादाची गोष्ट सांगितली. मग तो काही बोलला नाही.

तू म्हणशील, एवढी भीती वाटते तर नवंच घ्यायचं होतंस. आपलं हे भांडण किती जुनं! तू म्हणायचास, उघडून बघितल्याशिवाय जुनं घेऊ नये. मी म्हणायचो, चालवून बघितलं की पुरे. त्या मोटरसायकलवरून आपण महिनाभर अबोला धरला होता. या खेपेला तुझी बाजू बरोबर निघाली, पण माझीही चूक नाही, कारण हा चालतच नव्हता! खरं सांगायचं तर मला यंत्र आवडलं आहे. इंडक्शन मोटर आहे, कार्बनवाली किरकिरी नाही, पितळी डोकं आहे, सुटे भाग मिळतात. आजचे बरेच स्वस्त वॉशर प्लॅस्टिकच्या डोक्याचे, एकदा गेला की गेला. असं दणकट यंत्र भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्या पोराने दुसऱ्याने टाकलेलं यंत्र उभं करून स्वतःच्या पायावर उभं राहावं, असंही वाटतं.

स्प्रिंगचं काय केलं ते ऐक. पूर्ण सैल केली, अनलोडर खोलला, ओ-रिंगा बदलल्या, आतला दांडा चिकटत होता तो क्षार धुऊन मोकळा केला. पंप आणि होज यांच्यामध्ये प्रेशर गेज बसवला. नवं नोझल लावून गन उघडी ठेवली आणि स्प्रिंग थोडी थोडी आवळत गेलो. काटा 125 पर्यंत चढला आणि थांबला. तिथून पुढे फिरवूनही चढेना, म्हणून किंचित मागे घेऊन लॉकनट लावलं आणि वरून लाल रंगाची खूण केली, कोणी हात लावला तर कळावं. गन सोडल्यावर काटा थोडा उसळतो आणि लगेच खाली येतो, पाणी परत फिरतं. फिरतं ठेवून गप्पा मात्र मारायच्या नाहीत, तेच पाणी पंपात घोळून तापतं आणि सील जातात. दोनेक मिनिटांच्या वर थांबायचं असेल तर मोटर बंद. जुनी होज मी कापूनच टाकली, फिटिंगपाशी रबर सोलून आतली तार दिसत होती आणि कोणीतरी वर चिकटपट्टी लावली होती. कापली अशासाठी, की दुसऱ्या कोणी उचलून वापरू नये. होज आणि गन दोन्ही नवी. विजेच्या बाजूला अर्थिंग तपासलं आणि वीज गळली की पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला.

आता उरलं पितळी डोकं. त्याने किती दिवस तो बंद दाब सोसला, कोणास ठाऊक. भिंगातून बघतो तर कुठे तडा दिसत नाही. पण दाब दर फेऱ्याला चढतो-उतरतो, आणि अशा धातूची थकवण आतून, आटे जिथे संपतात त्या कोपऱ्यातून सुरू होते, हे तूच मला शिकवलंस. मला झोप लागत नाही ती त्या कोपऱ्यांमुळे. पोरगा रोज विचारतो, "काका, कधी?" आणि मी रोज काहीतरी काम काढतो.

तुझं विचारायचंच राहिलं. बदली थांबली का? मुलीचा निकाल लागला असेल, लगेच कळव. वहिनींना सांग, काकूंचे चष्मे सापडले, दोन्ही. आणि गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस, मी तिथे येऊन राहीन.

तर काम असं. तुमच्याकडे वेल्डिंग तपासायला डाय पेनिट्रंट असतं ना, तड्यात मुरणारा तो लाल रंग आणि तो वर उमटवणारा पांढरा डेव्हलपर? मी डोकं सुटं करून, वॉल्व्ह आणि सील काढून, तेलाचा अंश राहणार नाही असं धुऊन पार्सल करतो आहे. टोपणांच्या भोकांतले आटे संपतात तो कोपरा आणि मधल्या दोन भिंती, एवढंच बघ. रंग मुरायला पुरता वेळ दे, घाई करू नकोस. कुठे लाल रेष उमटली तर डोकं परत पाठवू नकोस, तिथेच भंगारात टाक, मी नवं घेईन. मात्र फोन मला कर, पुतण्याला नको. त्याला मी सांगेन.

तुझाच,
तुला ठाऊक आहे तोच