बुद्धांचे आकर्षण केवळ शांतीचे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुद्धपौर्णिमा आली की मिटलेले डोळे, मंद स्मित आणि ‘शांतीचा संदेश’ एवढ्यावर बुद्धांची बोळवण होते. मी जन्माने बौद्ध नाही, दीक्षाही घेतलेली नाही. तरी पाली ग्रंथांचे मराठी अनुवाद हाती लागले तसे वाचत आलो. मला धरून ठेवले ते शांतीने नव्हे, त्यातल्या विलक्षण व्यवहारीपणाने.

विनयपिटकातला, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांच्या ग्रंथातला, एक प्रसंग सांगतो. बुद्ध आपला शिष्य आनंद याला बरोबर घेऊन भिक्खूंच्या निवासांतून फिरत असतात. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला. ‘तुझी शुश्रूषा करायला कोणी नाही का?’ ‘नाही.’ ‘का नाही?’ त्यावर तो सांगतो, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. बुद्ध उपदेश करायला बसत नाहीत. आनंदाला पाणी आणायला सांगतात, स्वतः पाणी ओततात, आनंद अंग धुतो. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचलून मंचकावर निजवतात. त्यानंतर संघाला बोलावून विचारणा होते. तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

इथपर्यंतची गोष्ट काहींना ठाऊक असते. मला अधिक आवडतो तो पुढचा, कुणी फारसा न वाचणारा भाग. गुरू आजारी पडला तर शिष्याने आणि शिष्य आजारी पडला तर गुरूने, बरा होईपर्यंत त्याचे करायचे. कुणीच नसेल तर जबाबदारी संघाची. कोणता रोगी सांभाळायला अवघड, तेही सांगितले आहे: जो औषध घेत नाही, पथ्य पाळत नाही, दुखणे आहे तसे सांगत नाही. आणि ज्याला घाण, थुंकी, ओकारी उचलायची किळस वाटते तो शुश्रूषेला लायक नाही. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस ज्याने सांभाळले आहे, त्याला यातले एकही वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. करुणेवर प्रवचने पुष्कळ आहेत. तिची कामे अशी वाटून दिलेली मी तरी दुसरीकडे वाचलेली नाहीत.

मालुंक्यपुत्त या भिक्खूची कथाही याच जातकुळीची. जग शाश्वत की अशाश्वत, मरणानंतर तथागत, म्हणजे बुद्धपदाला पोहोचलेला, असतो की नसतो, याची उत्तरे मिळाल्याशिवाय मी साधना करणार नाही असे तो अडून बसतो. बुद्ध म्हणतात, विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणाला की मारणारा क्षत्रिय होता की शूद्र, उंच की बुटका, बाणाला पिसे गिधाडाची होती की मोराची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर ते कळण्याआधीच तो मरेल. ज्या प्रश्नांवर इतरत्र तट पडतात आणि पंथ फुटतात, ते इथे चक्क बाजूला ठेवले आहेत.

कालामसुत्ताबद्दल, म्हणजे कालाम लोकांना बुद्धांनी केलेल्या उपदेशाबद्दल, मात्र तक्रार आहे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून मानू नका, हे वाक्य हल्ली सर्रास फिरते आणि ‘मला पटेल तेच खरे’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला जातो. त्याच सुत्तात पुढे कसोटी आहे. लोभ, द्वेष, मोह मनात उठले की माणूस काय करतो, त्याने हित होते की अहित, आणि जाणते लोक त्याला काय म्हणतात, हे पाहायचे. ही मुभा नव्हे, चांगलीच मेहनत आहे. १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा करून १९५६ साली नागपुरात दीक्षा घेईपर्यंत २१ वर्षे डॉ. आंबेडकरांनी ती केली. बाकी आपण बहुतेक जण एखादे ध्यानशिबिर करून आलो की बुद्ध कळल्यासारखे बोलू लागतो.

सगळेच पटते असे नाही. पुनर्जन्म मला अजून गळी उतरलेला नाही. भिक्खुणींसाठीचे आठ नियम तर खटकतातच. शंभर वर्षांची दीक्षा झालेल्या भिक्खुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करायचे, हा त्यातला पहिला. काही अभ्यासक ते मागाहून घातलेले मानतात. असतीलही, पण परंपरेने ते जपले, एवढे तर खरेच. गंमत अशी की त्याच परंपरेने थेरीगाथाही, म्हणजे थेरींची (ज्येष्ठ भिक्खुणींची) कवनेही, जपल्या. त्यात मुत्ता नावाची थेरी सरळ सांगते, तीन वाकड्या गोष्टींतून मी सुटले: उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. आणि लगेच पुढे, जन्ममरणातूनही सुटले. नवऱ्याला आणि जन्ममरणाला एका दमात निकालात काढणारी ही बाई मला फार आवडते.

हे सारे बाहेरून पाहणाऱ्याचे म्हणणे. ज्यांच्या आजी-आजोबांनी दीक्षा घेतली, जे बौद्ध घरात वाढले, त्यांना बुद्धांमध्ये आज काय ओढून घेते, की सवयीने ती ओढ जाणवेनाशीच होते? अशा वाचकांनी या सदरात लिहिले तर वाचायला आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक