घरटॅक्सचे जास्तीचे पैसे आणि आईची सही

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीत घरटॅक्सच्या फायलीचे फोटो काढून आणले होते, ते या आठवड्यात निवांत बसून पाहिले. बाबा, फाइल तुम्ही इतकी नेटकी लावली आहे म्हणूनच हे सापडलं. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही दोन वेळा "हो, हो" म्हणता आणि विषय आईच्या गुडघ्यांवर जातो. म्हणून लिहूनच पाठवते आहे.

आपण जास्तीचे पैसे भरले आहेत, आणि तेही दोन वेगवेगळ्या कारणांनी. या दोन्हींची सरमिसळ एकाच अर्जात करू नका, एवढं तरी लक्षात ठेवा. एक मामला साधा आहे आणि दुसरा वादाचा. एकत्र केले की साधाही अडकून बसतो.

आधी साधा सांगते. या वर्षाची पूर्ण मागणी दादाने जूनमध्ये हैदराबादहून मोबाइलवर भरली. त्याच सुमारास बाबांनी महापालिकेच्या झोन ऑफिसच्या काउंटरवर चेक दिला. दादाचे पैसे तिकडे खात्यात दिसायच्या आत चेक वटला असणार. दोन्ही पावत्यांवर इंडेक्स नंबर, म्हणजे टॅक्सच्या नोंदीतला घराचा नंबर, तोच, वर्ष तेच, रक्कम जवळपास तीच. इथे कायद्याचा कीस काढायची गरजच नाही. दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स, दादाच्या बँकेचं स्टेटमेंट आणि बाबांच्या पासबुकातली चेक गेल्याची नोंद, एवढं जोडायचं. अशा वेळी बहुतेक ठिकाणी रोख परतावा देण्याऐवजी रक्कम पुढच्या मागणीत वळती करतात. आपल्याला तेही चालेल, टॅक्स पुढच्या वर्षीही भरायचाच आहे. फक्त 'समायोजन करावे' असं अर्जात स्पष्ट लिहा आणि पुढचं बिल आलं की वजाबाकी झाली का ते बघा. तोंडी आश्वासनावर घरी येऊ नका.

आता दुसरा. बिलाच्या खालच्या भागात करांची यादी असते ना, सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, शिक्षण कर वगैरे? त्यात शेवटाकडे बारीक अक्षरात 'रोजगार हमी उपकर' आहे, आणि त्यापुढे शून्य नाही, आकडा आहे. तिथेच मी थबकले. हा उपकर 1962 च्या राज्याच्या कायद्याखाली घेतात आणि तो फक्त अनिवासी वापराच्या जागेवर लागतो. महापालिका तो नुसता गोळा करते, पैसा जातो राज्य सरकारकडे. बाबा, तुम्ही 72 च्या दुष्काळातल्या खडी फोडायच्या कामांच्या गोष्टी सांगता आणि रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागेंचं नाव आदराने घेता. तुम्ही हा उपकर आनंदाने भराल हे मला माहीत आहे. पण आपल्या घराला तो लागायचं कारणच उरलेलं नाही.

तरी तो लागतो आहे तो समोरच्या खोलीमुळे. स्टेशनरी-झेरॉक्सवाले काका लॉकडाउनमध्ये दुकान आवरून गेले. शटर काढून तुम्ही तिथे खिडकी बसवली, दिवाण टाकला, आणि आता तिथे आईची शिलाई मशीन आणि उन्हाळ्यात बाबांची दुपारची झोप असते. कागदावर मात्र ती खोली अजून दुकानच आहे, भाडेकरूसकट. दुकान गेल्याचं लेखी कुणी कळवलं नाही, त्यामुळे नोंद बदलली नाही. नोंद आपली आपण बदलत नसते.

फरक कसा पडतो ते सांगते. जागेचं वर्षाचं भाडं किती येऊ शकेल हे धरून वार्षिक भाडेमूल्य काढतात. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळतं. समजा भाडेमूल्य 30,000 धरलं, तर करयोग्य मूल्य 27,000. बिलातले बहुतेक कर या 27,000 वर टक्क्यांनी बसतात. दुकानाचा दर घरापेक्षा चढा असतो. म्हणजे सुरुवातीचाच आकडा फुगलेला, आणि मग त्याच्यावर बसणारी प्रत्येक ओळ फुगलेली. वरून हा उपकर वेगळा.

इथे मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही. लॉकडाउनपासूनचा सगळा फरक परत मिळेल असं मनात धरू नका. आकारणीच्या नोंदवहीत दुरुस्ती झाली की ती फार तर चालू आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून धरायची, अशी नियमांची रीत आहे. मागच्या वर्षांचं मागणं अर्जात लिहा जरूर, मागायला काही जात नाही, पण तिथे "तुम्ही तेव्हा कळवलं का नाही" हा प्रश्न येणार आणि तो चुकीचाही नसेल. हातात पक्कं आहे ते हे वर्ष. म्हणून अर्ज 31 मार्चच्या आत ऑफिसच्या आवक नोंदीत पडला पाहिजे. एप्रिल उजाडला की हे वर्षही मागच्यात जमा.

अर्जासोबत काय लावायचं ते मी वेगळ्या कागदावर लिहून देते, पण मोठा पुरावा वीजबिलाचा आहे. दुकानाचं वेगळं मीटर होतं, ते काढल्याचा कागद फायलीत मागे आहे, पिवळ्या पाकिटात. शेवटचा भाडेकरार आणि खोलीचे आताचे फोटो, खिडकी दिसेल असे. मग मोहरीर, म्हणजे टॅक्स खात्याचा कारकून, किंवा निरीक्षक मौका पाहणीला येतील. आई, त्या दिवशी मशीनवर आजूबाजूच्यांच्या ब्लाउजचा ढीग ठेवू नकोस. तू फुकटात फॉल-पिको करून देतेस हे आपल्याला माहीत, पण बघणाऱ्याला पुन्हा दुकान दिसायचं. आणि त्यांना चहा द्या, चहापेक्षा जास्त काही नको.

अर्ज दिल्यावर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे. त्यात ठरलेल्या सेवा, त्यांची मुदत आणि अपिलाचे अधिकारी कोण, हे ऑफिसात फलकावर लावावं लागतं. त्या फलकाचा फोटो मला पाठवा. मुदतीत काम झालं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे. ही तरतूद बाबांनी टेबलावर ऐकवायची नाही. नुसती माहीत असलेली बरी. घराची आकारणी नेमकी कशी मांडली आहे ते कुणी दाखवलं नाही, तर माहितीच्या अधिकारात नोंदीची प्रत मागू. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराला 30 दिवस. तो अर्ज मी इथून करीन.

मला माहीत आहे, बाबा म्हणतील, "जाऊ दे ना वं, थोड्या पैशांसाठी काहून कटकट करून राहिली." दरवर्षी वेळेवर भरणारे तुम्ही, आणि वर्षानुवर्षं थकवणाऱ्यांसाठी अभय योजना येते, त्यांची शास्ती माफ होते, तेव्हा पेपर वाचून चिडणारेही तुम्हीच. त्यांना सवलत मागताना संकोच वाटत नाही. आपण सवलत मागत नाही, हिशेब मागतो आहोत.

आणि याचं दुसरं टोकही नको. शेजारच्यांनी "वाद मिटेपर्यंत भरूच नका" असं सांगितलं असेल, तर ते अजिबात ऐकू नका. थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला 24. बिल येईल ते भरायचं, आणि हरकत कायम ठेवून भरतो आहोत असं एक पत्र त्या दिवशी द्यायचं. पुढे कोर्टात अपील करायची वेळ आलीच, तरी वादातली रक्कम आधी भरावीच लागते. तोवर जाणार नाही असं मला वाटतं.

शेवटची गोष्ट बाबांना आवडणार नाही. घर आईच्या नावावर आहे, बिलही तिच्याच नावाने येतं. तेव्हा दोन्ही अर्जांवर सही आईची लागेल. बाबांना जायचं असेल तर आईचं अधिकारपत्र सोबत ठेवा. परतावा रोख मिळालाच, तर तो आईच्या खात्यात येईल, म्हणून तिच्या पासबुकाची झेरॉक्स आणि रद्द केलेला चेक जोडा. ते पैसे दादाने भरले म्हणून त्याला परत द्यायचे, की कूलरला या वर्षी नवा वाळा आणायचा, हे तिनेच ठरवावं. दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही.

अर्जांचे मसुदे सोबत पाठवते आहे. आई, सही करताना बिलावर आहे तसंच पूर्ण नाव लिही.

तुमची,
मनू